पित्ताची गोळी बदलण्याआधी तिची वेळ बदला

डॉक्टर, नमस्कार. माझं वय 52. नाशिकमध्ये एका पतसंस्थेत नोकरी करते. तीन वर्षांपासून पित्ताचा त्रास आहे. रात्री जेवून आडवं झालं की छातीत जळजळ होते, घशाशी आंबट पाणी येतं, कधी पहाटे खोकल्याने जाग येते. गेल्या वर्षी एंडोस्कोपी झाली. रिपोर्टमध्ये ‘अन्ननलिकेला सूज, ग्रेड ए, लहान हायटस हर्निया’ असं लिहिलंय. पँटोप्राझोल आणि डॉमपेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल दिली होती, तीच चालू आहे. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी असते, म्हणून ही मी रात्री जेवणानंतर घेते. बरं वाटलं की बंद करते. दोन-तीन दिवसांनी जळजळ दुप्पट होऊन परत येते, मग पुन्हा सुरू करते. बीपीसाठी ॲमलोडिपिन आहे, गुडघा दुखला की पेनकिलर घेते. हे दुकान बंद करून येतात, त्यामुळे आमचं जेवण दहा-साडेदहाला होतं. गुरुवारचा उपवास असतो. वजन 74 किलो, उंची पाच फूट एक इंच. सासूबाई म्हणतात थंड दूध पी. मैत्रीण म्हणते सकाळी मिठाचं पाणी पिऊन पित्त पाडून टाक. केमिस्ट म्हणाला, व्होनोप्राझॅन नावाची नवी गोळी आलीय. ती घेऊ का? की आता जन्मभर गोळ्याच? या गोळ्यांनी किडनी जाते, हाडं ठिसूळ होतात असं वाचलंय, त्यामुळे घेतानाही धास्ती वाटते. कधी कधी ह्यांनाही जळजळ होते, तेव्हा तेही माझ्यातलीच एक घेतात. त्यांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे.

– एक वाचक, नाशिक

ताई,

पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी थबकलो. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहितो, पण तोवर एक करा: तुमची स्ट्रिप त्यांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही विचारलंय की गोळी बदलू का. पत्र वाचून मला वाटतं की तुमच्या गोळीला तिचं काम करायची संधीच मिळालेली नाही. गोळी बरोबर आहे, पण वेळ चुकतेय आणि सलगपणा नाही. यात तुमचा दोष कमी आणि आमच्या व्यवसायाचा जास्त. चिठ्ठीवर ‘जेवणाआधी’ लिहिलं जातं, पण का ते सांगायला कुणी थांबत नाही. कारण कळलं नाही की सूचना पाळली जात नाही, त्यातून सकाळची जागा आधीच दुसऱ्या गोळीने अडवलेली असली तर मुळीच नाही.

कारण असं आहे. जठराच्या भिंतीत ॲसिड तयार करणारे सूक्ष्म पंप असतात. पँटोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल ही सगळी औषधं या पंपांना कुलूप लावतात, पण फक्त चालू असलेल्या पंपांना. आपण जेवायला बसतो तेव्हा हे पंप मोठ्या संख्येने चालू होतात. गोळीचं म्हणाल तर तिच्यावरचं आवरण आतड्यात विरघळतं, औषध रक्तात उतरतं आणि रक्तातून उलट फिरून जठराच्या पेशींपर्यंत पोचतं. याला किमान अर्धा-पाऊण तास लागतो. रक्तात ते फार टिकतही नाही, एक-दोन तासांत निम्मं संपतं. म्हणजे औषध रक्तात आहे आणि त्याच वेळी पंप चालू आहेत, असा मेळ बसायला हवा. जेवणाआधी अर्धा ते एक तास गोळी घेतली तर तो बसतो. तुम्ही साडेदहाला जेवून अकराला गोळी घेता. भरल्या पोटातून ती सावकाश पुढे सरकते आणि औषध रक्तात येईपर्यंत जेवणाने जागे झालेले पंप पुन्हा निजायच्या बेतात असतात.

दुसरी गोष्ट सलगपणाची. एका गोळीत सगळे पंप बंद होत नाहीत. पहिल्या दिवशी काही, दुसऱ्या दिवशी आणखी काही, असं करत तीन ते पाच दिवसांत पूर्ण परिणाम दिसू लागतो. डोकेदुखीच्या गोळीसारखं हे औषध ‘दुखलं की घे, थांबलं की सोड’ या हिशेबाने घेतलं तर त्याचा पूर्ण जोर कधी अनुभवालाच येत नाही. ऐन जळजळीच्या वेळी तात्काळ आराम देणं हे या गोळीचं कामही नाही, त्याकडे मी पुढे येतोच.

तिसरी गोष्ट तुम्ही स्वतःच नोंदवली आहे: बंद केली की दुप्पट होऊन परत येते. हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत आणि आजार बळावल्याचं लक्षणही नाही. पंप बरेच दिवस बंद राहिले की शरीर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवून ॲसिड बनवणाऱ्या पेशींना डिवचत राहतं. गोळी अचानक थांबली की ती सगळी यंत्रणा एकदम मोकळी सुटते. डेन्मार्कमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. पित्ताचा कुठलाही त्रास नसलेल्या 120 निरोगी माणसांपैकी निम्म्यांना आठ आठवडे अशी गोळी दिली आणि मग बंद केली. नंतरच्या चार आठवड्यांत त्यातल्या 44 टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी असे त्रास झाले. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण 15 टक्के होतं. धडधाकट माणसांची ही गत, तर तुमची होणारच. ‘गोळी सोडताच येत नाही’ असं वाटण्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

मग करायचं काय?

थायरॉइडची गोळी सकाळी उठल्या-उठल्या पाण्याबरोबर घेता, तशीच घेत राहा. त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर चहासुद्धा नको. पित्ताची गोळी रात्रीच घ्या, मात्र जेवणाआधी. सकाळी नाश्त्याआधी घ्यायची असा या गोळ्यांचा सर्वसाधारण रिवाज आहे, पण तुमचा सगळा त्रास रात्रीचा आहे. अशा वेळी रात्रीच्या जेवणाआधीची गोळी जास्त सोयीची. दोन उपाशीपोटीच्या गोळ्यांची भांडणंही त्याने मिटतात. एक लक्षात ठेवा: ॲसिड कमी झालं की थायरॉइडची गोळी काही जणांत थोडी कमी शोषली जाते. पित्ताची गोळी नियमित सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्या. कॅप्सूल असो की गोळी, चावायची नाही, फोडायची नाही, कुटून पाण्यात घालायची नाही. तिचं आवरण हीच तिची ढाल आहे.

अशी रोज, न चुकता, आठ आठवडे घ्या. बरं वाटलं तरी घ्या. तुमच्या डॉक्टरांना हे पत्र दाखवलंत तर उत्तम, कारण मला त्यांच्याशी आणखी एका मुद्द्यावर बोलायचं आहे: ती ‘डी’ची कॅप्सूल.

आपल्याकडे पित्त म्हटलं की पँटोप्राझोल एकटं क्वचितच दिलं जातं, शेपटाला डॉमपेरिडोन असतंच. अशा कॅप्सूलमध्ये ते बहुधा 30 मिलिग्रॅम असतं. डॉमपेरिडोन हे मुळात मळमळ आणि उलटीचं औषध. युरोपच्या औषध नियामकांनी 2014 साली त्याचा वापर तेवढ्यापुरताच ठेवला: दिवसाला जास्तीत जास्त 30 मिलिग्रॅम आणि तेही साधारण आठवडाभरच. कारण क्वचित का होईना, त्याने हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. साठीच्या पुढे आणि काही अँटिबायोटिक्स वा बुरशीच्या औषधांसोबत हा धोका वाढतो. अमेरिकेत तर या औषधाला विक्रीचा परवानाच नाही. तुम्ही ते वर्षभर अधूनमधून घेताय आणि पत्रात मळमळीचा साधा उल्लेखही नाही. ‘मला नुसतं पँटोप्राझोल 40 चालेल का?’ एवढा एक प्रश्न डॉक्टरांना विचारा. बहुतेक वेळा उत्तर ‘चालेल’ असंच येतं.

तेव्हाच दुसरा प्रश्न विचारा, ॲमलोडिपिनचा. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक कडी असते, तीच आपली झडप. तुमच्या रिपोर्टमधला हायटस हर्निया म्हणजे याच जागी जठराचा थोडा भाग छातीकडे वर सरकणं. ॲमलोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं म्हणून बीपी उतरतं, पण काही जणांत ही कडीही त्याबरोबर सैल पडते. स्वतःहून बंद मात्र करू नका, बीपीशी खेळ नको. पर्याय बरेच आहेत आणि ते तुमच्या डॉक्टरांना ठाऊक आहेत. फक्त बीपीची गोळी आणि पित्त यांची सांगड एकाच वेळी त्यांच्यासमोर मांडायला हवी. पेनकिलरचंही सांगा: कुठली, आठवड्यातून किती वेळा. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या जठराच्या अस्तराला सोलतात. गुडघ्यासाठी आधी पॅरासिटामॉल आणि मलम वापरून पाहा. पेनकिलर नियमित घ्यावीच लागत असेल तर पित्ताची गोळी जठराच्या रक्षणासाठी चालू ठेवावी लागते, आणि मग ती कमी करण्याचं पुढचं सगळं गणित बदलतं. पुढे कधी हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी कुणी लिहून दिली, तर हायटस हर्नियाबद्दल आवर्जून सांगा. ती गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते.

जेवणाच्या वेळेबद्दल लिहिताना मला जरा संकोच वाटतो, कारण हा प्रश्न औषधाचा कमी आणि घराच्या रीतीचा जास्त. ह्यांच्याआधी कसं जेवायचं, असं तुमच्या मनात येणारच. पण साडेदहाला जेवून साडेअकराला झोपणाऱ्या माणसाला जगातली कुठलीही गोळी पुरी पडत नाही. गोळी ॲसिड कमी करते. भरलेल्या जठरातून अन्न वर येणं ती थांबवू शकत नाही. झोपण्याआधी तीन तास पोटात घन अन्न जायला नको. सात वाजता गोळी, साडेसात-आठला तुमचं जेवण, आणि ते आले की त्यांच्या ताटासमोर गप्पा मारायला बसा. हात मात्र ताटाकडे जाऊ देऊ नका. ‘एवढीशीच भाकरी’, ‘एक घास भात’ हेसुद्धा नको. ऑफिसमुळे आठला जमत नसेल तर संध्याकाळी साडेसहाला पोळी-भाजीचं निम्मं जेवण उरका आणि रात्री नुसती वाटीभर मुगाची पातळ खिचडी घ्या. त्या दिवशी गोळी सहाला.

झोपण्याबद्दल. तीन उशा रचून झोपण्याचा उपाय बहुतेक जण करून पाहतात. त्याने मान वाकडी होते, कंबरेत घडी पडते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. वर यायला हवी ती खाट, नुसतं डोकं नव्हे. उशाकडच्या दोन्ही पायांखाली सहा ते आठ इंचांचे लाकडी ठोकळे किंवा विटा ठेवा. बॉक्स बेड असेल तर ते जमणार नाही. मग गादीवर खांद्यापासून वर चढत जाणारी तिरकी फोमची उशी ठेवा, कुठल्याही गादीवाल्याकडून कापून मिळते. आणि डाव्या कुशीवर झोपा. जठराची ठेवणच अशी आहे की डाव्या कुशीवर असताना त्यातलं ॲसिड अन्ननलिकेच्या तोंडाच्या खाली राहतं, उजव्या कुशीवर ते तोंडाशी येतं. फुकटचा उपाय आहे आणि पहिल्याच रात्रीपासून लागू पडतो.

वजनाचं तुम्हाला आधीच कुणीतरी टोचलं असेल, म्हणून रागावू नका. तुमच्या उंचीला 74 किलो हे बरंच जास्त आहे आणि त्यातलं पोटावर असेल ते झडपेवर चोवीस तास दाब ठेवतं. नॉर्वेत हजारो लोकांच्या एका मोठ्या पाहणीत दिसलं की वजन घटलेल्यांचा त्रास तर कमी झालाच, शिवाय पित्ताची औषधं त्यांना जास्त लागू पडली. गोळीचा परिणाम वाढवायचा असेल तर हा रस्ता आहे. सगळं एकदम नको, पाच-सहा किलोंचं उद्दिष्ट ठेवा, सहा महिन्यांत. आणि परकराची नाडी! साडी नेसताना ती कंबरेत रुतेल इतकी आवळायची आपल्याकडच्या बायकांना सवय असते. जेवणानंतरचे दोन तास ती सैल ठेवा किंवा घरी गाऊनवर राहा. वाकून करायची कामं, ओटा-फरशी पुसणं, कपाटाचे खालचे खण आवरणं, हे जेवणाआधी उरका.

खाण्याच्या पथ्याबाबत मी इतरांइतका कडक नाही. तिखट बंद, आंबट बंद, टोमॅटो बंद, डाळ बंद, असं करत करत लोक पेजेवर येतात आणि तरी जळजळ थांबत नाही. एकेका पदार्थावर बंदी घातल्याने फरक पडतो याचे पुरावे तुटपुंजे आहेत; वजन, जेवणाची वेळ आणि खाटेची उंची यांचे त्याहून बरे आहेत. तेव्हा दोन आठवडे एक छोटी वही ठेवा. रात्री काय खाल्लं आणि जळजळ झाली का, एवढंच लिहा. तुमचा शत्रू वांग्याचं भरीत आहे की रात्रीची मिसळ, हे ती वहीच सांगेल. जो पदार्थ वारंवार पकडला जाईल तेवढाच सोडा. तेलकट आणि भरपेट या दोन गोष्टी मात्र जवळजवळ सगळ्यांना भोवतात, कारण तूप-तेलाने जठर उशिरा रिकामं होतं.

गुरुवारच्या उपवासाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती दिवसभर चहावर राहून, दुपारी शेंगदाण्याच्या कुटाने भरलेली साबुदाण्याची खिचडी खाऊन, रात्री उपवास सोडताना दुप्पट जेवण्याला. दुपारी भगर आणि ताक, मध्ये केळं किंवा पपई, आणि संध्याकाळी लवकर, रोजच्याएवढंच जेवण. गोळी त्या दिवशीही जेवणाआधी.

थंड दुधाने क्षणभर गार वाटतं, म्हणून सासूबाईंचा अनुभव खोटा नाही. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम तासाभरात जठराला आणखी ॲसिड सोडायला लावतात. झोपताना पेलाभर दूध म्हणजे झोपताना पोट भरणंच झालं. दुपारी प्या. मैत्रिणीचा उपाय मात्र साफ नको. मिठाच्या पाण्याने किंवा घशात बोटं घालून पित्त पाडायची सवय लागली की जे ॲसिड आपण अन्ननलिकेपासून दूर ठेवू पाहतो त्याच ॲसिडने तिला रोज धुतलं जातं. दातांचं वरचं आवरणही झिजतं, आणि बीपीच्या माणसाने सकाळी पेलाभर मीठ पोटात घालणं तर विचारूच नका. तुम्ही सूतशेखरसारखं एखादं रसौषध मधूनच घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. अशा औषधांत पारा-गंधकाचे कल्प असतात. वैद्य नाडी धरून देतात ते वेगळं, दुकानातून स्वतः आणून महिनोन्महिने घेणं वेगळं.

आणि मधेच जळजळ उसळली तर? त्यासाठी पातळ अँटासिड आहे, ते तिथल्या तिथे ॲसिड मारतं. त्याहून मला आल्जिनेटचं औषध आवडतं. जेवणानंतर घेतलं की जठरातल्या अन्नावर सायीसारखा थर धरतं आणि वर येणारं ॲसिड त्याखाली अडतं. केमिस्टला ‘आल्जिनेट असलेलं सिरप’ म्हणून विचारा. दोन्ही थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. फसफसणारी सोड्याची पुडी तुमच्यासाठी नाही, तिच्यात सोडियम भरपूर असतं. फॅमोटिडिनची गोळी रात्री अधूनमधून घ्यायला चांगली, पण रोज घेतली तर एक-दोन आठवड्यांतच शरीर तिला सरावतं आणि तिचा जोर ओसरतो. घरात जुनी रॅनिटिडिनची पट्टी पडली असेल तर टाकून द्या. तिच्यात कर्करोगाशी संबंध जोडला गेलेली एनडीएमए नावाची अशुद्धी तयार होते असं आढळल्यावर अमेरिकेने 2020 मध्ये ती बाजारातून काढली, आणि आपल्या आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही 2022 मध्ये ती गेली.

आता जन्मभराचा प्रश्न. तुमच्या रिपोर्टमध्ये ग्रेड ए आहे. ए, बी, सी, डी अशा चार पायऱ्यांतली ही सर्वांत सौम्य. सी आणि डी, किंवा अन्ननलिकेचं अस्तर बदललेलं, किंवा ती अरुंद झालेली, अशांना गोळी बहुधा कायम लागते. तुम्हाला लागेलच असं नाही. आठ आठवडे नीट घेऊन त्रास थांबला, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने 40 वरून 20 मिलिग्रॅमवर या. त्यावर तीन-चार आठवडे काढा, मग एक दिवसाआड, मग बंद. या उतरणीवर मधेच जळजळ होईल, ती डेन्मार्कच्या प्रयोगातली उसळी आहे हे ध्यानात ठेवा आणि आल्जिनेटवर भागवा. घाबरून पुन्हा 40 वर उडी मारू नका, साधारण काही आठवड्यांत ती शमते. पुढे लग्नसराईत, दिवाळीत त्रास उफाळला तर तेवढ्यापुरता गोळीचा छोटा कोर्स घेता येतो. एखादीला 20 ची गोळी कायम लागली तरी तो पराभव नव्हे. जी कमीत कमी मात्रा पुरते ती तुमची मात्रा.

किडनी आणि हाडांच्या भीतीचं काय? तुम्ही वाचलेल्या बहुतेक बातम्या जुन्या नोंदी चाळून केलेल्या अभ्यासांवरच्या असतात. जे मुळात जास्त आजारी, तेच या गोळ्या जास्त घेतात, त्यामुळे दोष कुणाचा हे त्यातून उलगडत नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत 17,598 हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना पँटोप्राझोल 40 आणि निम्म्यांना खोटी गोळी दिली, सुमारे तीन वर्षं. हाडं मोडणं, किडनीचा जुनाट आजार, स्मृतिभ्रंश, न्यूमोनिया, कशातच ठोस फरक दिसला नाही. पोटाचे जंतुसंसर्ग तेवढे गोळी घेणाऱ्यांत किंचित जास्त होते. तेव्हा या गोळ्या घेणाऱ्याने बाहेरचं पाणी आणि उघड्यावरचं खाणं जपून करावं, एवढा बोध त्यातून निघतो. क्वचित एखाद्याच्या किडनीला सूज येते हे खरं आहे. वर्षानुवर्षं घ्यावी लागली तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीसाठी), बी-12 आणि मॅग्नेशियम बघावं. या धास्तीने अर्धवट गोळ्या घेणं मात्र सर्वांत वाईट: बरं वाटत नाही आणि औषध सुटतही नाही.

व्होनोप्राझॅन चांगलं औषध आहे. जपानमध्ये त्याला 2014 मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत 2023 मध्ये अन्ननलिकेच्या सुजेसाठी. ते जेवणाच्या वेळेवर अवलंबून नसतं आणि लवकर कामाला लागतं. अन्ननलिकेला मोठ्या जखमा असलेल्यांना त्याचा खरा फायदा. ग्रेड एला साध्या पँटोप्राझोलने, नीट घेतलं तर, पुरेसं काम होतं. साडेदहाच्या जेवणावर नवी गोळीही हात टेकेल. आठ आठवडे वर सांगितल्याप्रमाणे सगळं करूनही निम्माही फरक पडला नाही, तर पोटविकारतज्ज्ञांकडे जा. तेव्हा दोन वेळा गोळी, किंवा औषध बदलणं, किंवा नाकातून बारीक नळी घालून चोवीस तास ॲसिड मोजणारी तपासणी, यांतलं काय करायचं ते ठरेल. जळजळ होणाऱ्या प्रत्येकाला ॲसिडच वर येतं असं नसतं. काहींची अन्ननलिकाच हळवी असते आणि त्यांना ॲसिडच्या गोळ्या वाढवून काही मिळत नाही, उपचार वेगळे असतात.

गिळताना घास अडकला, वजन प्रयत्नाविना उतरू लागलं, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसलं, शौचाला डांबरासारखी काळी झाली, हिमोग्लोबिन घसरलं, तर आठ आठवडे थांबायचं नाही, लगेच दाखवायचं. पहाटेचा खोकला बहुधा याच त्रासाचा आहे. पण तो दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल तर क्षयरोग नाही ना हे पाहायला थुंकीची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

आता ह्यांच्याबद्दल.

अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाची छातीतली जळजळ हे पित्त आहे, असं घरच्यांनी ठरवायचं नसतं. हृदयाचं दुखणं दर वेळी डाव्या हातात कळ घेऊन येत नाही. ते जळजळ, करपट ढेकर, गच्च वाटणं, वरच्या पोटात दुखणं अशा रूपातही येतं. ‘गॅस असेल’ म्हणून सोडा पिऊन झोपलेली माणसं दुसऱ्या दिवशी आयसीयूत पोचलेली आम्ही सगळ्याच डॉक्टरांनी पाहिली आहेत. जिना चढताना, दुकानातलं ओझं उचलताना, भराभर चालताना जळजळ सुरू होऊन थांबल्यावर कमी होते का, हे त्यांना आजच विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर गोळी नाही, या आठवड्यातच हृदयरोगतज्ज्ञ. बसल्या जागी सुरू झाली, घाम फुटला, दम लागला किंवा दहा-पंधरा मिनिटांत थांबली नाही, तर 108 ला फोन करा. पहिला ईसीजी नॉर्मल निघाला तरी त्रास चालू असेल तर घरी परतू नका. दुसरा ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी करायला सांगा.

शिवाय औषधांचा प्रश्न वेगळा. त्यांना क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) चालू असेल तर ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळायचं असतं, कारण ती दोन्ही क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी करतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्येच तसा इशारा दिला होता. पँटोप्राझोलबाबत ही अडचण बरीच कमी आहे, पण तुमच्या कॅप्सूलमधलं डॉमपेरिडोन हृदयरुग्णाच्या पोटात न गेलेलंच बरं. ॲस्पिरिन घेत असतील तर त्यांना जठराच्या रक्षणासाठी स्वतःची पित्ताची गोळी लागतही असेल. ती कुठली, किती आणि कधी, हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी त्यांच्या चिठ्ठीवर, त्यांच्या नावाने लिहायला हवं. पुढच्या तपासणीला जाताना तुम्ही सोबत जा आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्या, तुमच्यासुद्धा.